मातीचा मेंढपाळ कसा चालतो ?

नाताळ जवळ आला कीं आमच्या वसईंत घरोघरीं गोठ्याची तयारी सुरू होते. गवत, खडे, पुठ्ठे आणि मातीचीं चित्रें जमवून बाळ येशूचा गोठा मांडणें हा मुलांचा केवढा आनंदाचा उद्योग असतो ! दिवाळींत अंगणांत किल्ला रचणाऱ्या मुलांचीही तीच गोष्ट. ज्या हातांना मातीचा मेंढपाळ उभा करतां येतो, त्याच हातांना तो चालवितांही येतो, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या कलेचा आरंभ कसा करावा, हें सांगण्याचा येथें आमचा यत्न आहे.

चित्रपटांत वस्तुतः कांहींच हालत नसतें. स्थिर चित्रें एकामागून एक झपाट्यानें डोळ्यांपुढून जातात, आणि गतीचा भास आपलें मन निर्माण करतें. बोलपटांत एका सेकंदास चोवीस चित्रें दाखविण्याची रीत आहे. आतां एक चित्र घेऊन यंत्र थांबविलें, समोरची वस्तु किंचित् सरकविली, आणि मग दुसरें चित्र घेतलें, तर पडद्यावर ती वस्तु आपल्या आपण सरकल्यासारखी दिसेल. सारें रहस्य एवढेंच.

हें रहस्य महाराष्ट्रास नवें नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनला जाऊन चित्रपटाचें यंत्र मिळविलें. परंतु चित्रपट काढण्यास भांडवल देणार कोण? तेव्हां त्यांनीं वाटाण्याचा दाणा पेरला, त्यासमोर यंत्र रोवलें, आणि महिन्याहून अधिक काळ त्याचें थोडें थोडें चित्रण केलें. पडद्यावर तो अंकुर पाहतां पाहतां वाढून त्याचा वेल झाला ! हा चमत्कार पाहून भांडवलदाराचा विश्वास बसला. तरीही पैसा पुरेना, म्हणून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिनेही या कामीं दिले. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत “राजा हरिश्चंद्र” झळकला, ही हकीकत सर्वांस माहीत आहे. परंतु त्याच्या आधीं एका वाटाण्यानें केलेली कामगिरी सहसा कोणी आठवीत नाहीं. १९१५ च्या सुमारास दादासाहेबांनीं आगकाड्या नाचविणारा “आगकाड्यांची मौज” हा लहानसा पटही केला. वाटाण्यास ऊन आणि पाणी हालवीत होतें. आगकाड्यांस मनुष्याचीं बोटें. मातीचा पट या दुसऱ्या जातीचा होय.

माती कोणती घ्यावी ? गणपतीचा शाडू येथें उपयोगाचा नाहीं. तो वाळतो, आकसतो, आणि वाकवूं जातां तडकतो. इंग्लंडांतील बाथ गांवचे कलाशिक्षक विल्यम हारबट यांनीं १८९७ सालीं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं न वाळणारी “प्लॅस्टिसिन” नांवाची माती काढली. तशाच प्रकारची रंगीत तेलकट माती आज शालोपयोगी वस्तूंच्या दुकानीं मिळते. आमच्या किनाऱ्यावरील उकाड्यांत ती लोण्यासारखी मऊ पडते, तेव्हां मधून मधून मूर्ति थंड जागीं ठेवावी. हात वाकवावयाचे असतील तर आंत ॲल्युमिनियमची बारीक तार घालावी.

आरंभींच वसईच्या किल्ल्यावरील चिमाजीअप्पांची १७३९ ची स्वारी घ्यावयाची, असा उत्साह पुष्कळांस येतो. आमचा सल्ला असा कीं, घोडदळ पुढील वर्षावर टाकावें. एकच मेंढपाळ घ्यावा. गोठ्यांतील मेंढपाळाचा झगा पायघोळ असतो, हें आपलें मोठें भाग्य ! कारण एका पायावर तोल सांभाळणें मातीच्या माणसास फार अवघड जातें. झग्याचा घेर जमिनीस टेकलेला असला म्हणजे पाय दाखवावे लागत नाहींत. मूर्ति पुढें सरकवीत डावीकडे व उजवीकडे किंचित् कलती केली कीं पावलें पडल्याचा भास होतो.

थोडें गणित करूं. नवशिक्यास सेकंदाला बारा चित्रें पुरेत. मेंढपाळास गोठ्यापर्यंत ३० सेंटिमीटर जावयाचें आहे, आणि त्याचें एक पाऊल ३ सेंटिमीटरांचें आहे. एका पावलास सहा चित्रें धरलीं, तर दर चित्रास अर्धा सेंटिमीटर सरकणें, एकंदर साठ चित्रें, आणि पडद्यावर पांच सेकंद ! तथापि सर्व अंतरें सारखीं ठेवूं नयेत. झोपाळा टोकाशीं मंद आणि मध्यें वेगवान असतो, तसेंच निघतांना व थांबतांना अंतर थोडें, मध्यें अधिक, असें ठेवावें. हें केलें नाहीं तर मेंढपाळ चालत नाहीं, कोणी दोरीनें ओढल्यासारखा घसरतो.

आतां प्रकाश. पुष्कळ मुलें पहिल्याच प्रयत्नानंतर हा नाद सोडतात, त्याचें कारण बहुधा येथेंच असतें. चित्र विनाकारण लुकलुकतें, आणि मुलगा समजतो कीं आपल्याला कला नाहीं. दोष त्याचा नसतो, खिडकीचा असतो ! तासाभरांत ऊन सरकतें आणि सावल्या फिरतात. म्हणून खिडकी बंद करून दोन टेबलदिवे लावावे. अंगांत पांढरा सदरा नसावा. त्याचा उजेड मूर्तीवर पडतो. मोबाइल पुस्तकांच्या जड चळतींत घट्ट बसवावा, त्याचा प्रकाश व केंद्र एकदां ठरवून स्थिर करावें, आणि इअरफोनच्या बटणानें चित्र घ्यावें, म्हणजे यंत्रास हात लागत नाहीं. चाळिसाव्या चित्रास टेबलाला धक्का बसलाच, तर रडूं नये. या कामाच्या बहुतेक ॲपांत मागील चित्र पुसट दिसण्याची सोय असते; त्याच्याशीं जुळवून मूर्ति पुन्हां जागेवर आणावी.

पालकांस एक विनंति. मुलगी दुपारभर दार लावून बसली आणि सायंकाळीं तिनें पांच सेकंदांचें चालणें दाखविलें, तर “एवढ्यासाठीं इतका वेळ ?” असें म्हणूं नये. मुंबईचे सुरेश एरियत यांचा “टोकरी” हा मातीचा पट अवघा पंधरा मिनिटांच्या आंतबाहेरचा आहे. बापाचें जुनें घड्याळ हातून बिघडल्यावर रस्त्यावर टोपल्या विकूं निघालेल्या मुलीची ती कथा. ती पुरी होण्यास सुमारें आठ वर्षें लागलीं. त्या मानानें एक दुपार कांहीं फार नव्हे. फक्त जेवावयास हांक मारतांना दार हळू उघडावें. वाऱ्यानें गोठ्यांतलें गवत हाललें तर पडद्यावर तें उड्या मारतांना दिसेल.