हंस पिसे टाकायला उत्तरेकडे का जातात?

थंडी चुकवण्यासाठी पक्षी दक्षिणेकडे येतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण उत्तर अमेरिकेतील कॅनडा हंसांपैकी कित्येक पक्षी मे-जून महिन्यांत आणखी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे जातात. तेथे ते घरटी बांधत नाहीत. ते जातात जुनी पिसे टाकण्यासाठी!

पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. ते झिजले की दुरुस्त होत नाही; गळून त्या जागी नवे यावे लागते. कावळ्याच्या पंखांतील पिसे थोडी थोडी गळतात, त्यामुळे तो उडत राहतो. हंसाची उड्डाणपिसे मात्र एकदमच गळतात आणि चार-पाच आठवडे त्याला उडताच येत नाही. असे का?

पंखांमुळे मिळणारे वर उचलणारे बल हे पंखांचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या समप्रमाणात असते. समजा, क्षेत्रफळ एक-चतुर्थांशाने घटले. वजन तेवढेच राहिल्याने वेग √(४/३) पट, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी, वाढवावा लागेल. हंसाचे शरीर जड आणि त्या मानाने पंख लहान. त्याला मुळातच वेगाने उडावे लागते. अपुऱ्या पंखांनी महिनोन्‌महिने धडपडण्यापेक्षा एकदाच सर्व पिसे बदलणे त्याला परवडते.

पिल्ले असलेले हंस पिल्लांजवळच पिसे टाकतात. उत्तरेकडे जातात ते मुख्यतः पिल्ले नसलेले. पिसे प्रथिनांची बनलेली असतात. दक्षिणेतले गवत जूनपर्यंत जून होते. उत्तरेत तेव्हा कोवळे, प्रथिनयुक्त गवत उगवत असते. चरायला लांबलचक दिवस मिळतो, आणि कोल्हा आलाच तर शिरायला विस्तीर्ण सरोवर जवळ असते.

अलास्कातील टेशेकपुक सरोवराच्या परिसरात ब्रँट व इतर रानहंस असेच हजारोंनी जमतात. हे सरोवर ज्या प्रदेशात आहे, तो १९२३ साली खनिज तेलासाठी राखून ठेवण्यात आला. तेथे हेलिकॉप्टर जवळून गेले, तरी हंस चरणे सोडून पाण्याकडे धावतात. पिसे वाढवण्यासाठी लागणारी ऊर्जा धावण्यात खर्च होते. इतर वेळी त्रास झाला तर हंस दुसरीकडे उडून जाईल. या चार-पाच आठवड्यांत त्याला ती सोय नसते. म्हणून अशा जागा शांत राखणे महत्त्वाचे आहे.