टॉन्सिलमधील मुक्कामी विषाणू

काही वर्षांपूर्वी चार वर्षांचा एक मुलगा पाच दिवसांच्या तापाने माझ्याकडे दाखल झाला. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. घशातील स्रावाच्या पीसीआर तपासणीत ॲडिनोव्हायरस सापडला. "विषाणूचा ताप आहे, उतरेल," असे मी त्याच्या आई-वडिलांना सांगितले. माझे ते आश्वासन घाईचे होते.

या विषाणूच्या शोधाची हकिकतच त्या घाईविरुद्ध सावध करणारी आहे. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो, रॉबर्ट ह्यूबनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेत काढलेल्या मुलांच्या ॲडिनॉइडच्या ऊती प्रयोगशाळेत वाढविल्या. बाहेरून कोणताही विषाणू सोडलेला नसताना काही आठवड्यांनी त्या पेशी आपोआप नष्ट होऊ लागल्या. विषाणू त्या ऊतींतच दडलेला होता. १९५६ साली त्याला मिळालेले नावही ॲडिनॉइडवरूनच आले.

पुढील संशोधनाने या मुक्कामाचा उलगडा केला. बालपणीचा संसर्ग ओसरल्यावरही 'सी' गटातील ॲडिनोव्हायरसचा डीएनए टॉन्सिल व ॲडिनॉइडमधील टी-लसिकापेशींत टिकून राहतो. या पेशी उत्तेजित झाल्या की विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. आरएनए विषाणूही येथे आढळतात. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या ४८ मुलांपैकी काही जणांत कोविडचा विषाणू सापडला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या महिन्यात त्या मुलांना कोविडची लक्षणे नव्हती.

तात्पर्य, पीसीआर विषाणूचे अस्तित्व सांगते. तो आजच्या आजाराचा कारक आहे की जुना मुक्कामी, हे रुग्णाला तपासूनच ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचे तळहात व पाय सुजलेले दिसले, मानेत मोठी गाठ लागली. इकोमध्ये हृदयाची एक रोहिणी किंचित रुंदावलेली होती. तो कावासाकीचा आजार होता. तापाच्या सहाव्या दिवशी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले. काही आठवड्यांनी रोहिणी पूर्ववत झाली.

पालकांना एवढेच सांगेन, की टॉन्सिलमध्ये विषाणू राहतो म्हणून टॉन्सिल काढण्याचे कारण नाही. मात्र मुलाचा ताप पाच दिवस हटला नाही, तर अहवालात विषाणूचे नाव आले तरी त्याला पुन्हा तपासून घ्यावे. व्यवसायबंधूंनाही माझी तीच विनंती आहे.