विजेच्या सायकलीची मोटार : घरच्या घरी निगा व दुरुस्ती

सायकल हे सामान्य माणसाचे वाहन. तिच्या चाकात विजेची मोटार बसविण्याची कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना अशा सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. तथापि, आकाराने लहान पण अतिशय प्रबळ असे निओडिमियम लोहचुंबक १९८० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले, आणि त्यानंतरच ही मोटार हलकी व सुटसुटीत होऊ शकली. आपल्याकडेही अशा सायकली आता वापरात आल्या आहेत.

मात्र मोटार बंद पडली की ती चाकासकट टाकून नवी घेण्याकडे कल असतो. वास्तविक पुष्कळदा दोष एखाद्या तुटलेल्या तारेत, झिजलेल्या दातेरी चाकात किंवा खराब बेअरिंगमध्ये असतो. तो ओळखता आला, तर कुटुंबाचा मोठा खर्च वाचू शकतो.

रचना

चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमध्ये ही मोटार असते. तिचा एक्सल स्थिर राहतो व भोवतालचे कवच फिरते. आत तांब्याच्या तारेची वेटोळी व लोहचुंबकांचे कडे असते. मोटारीचे दोन प्रकार आहेत. एकात कडे थेट चाकाला जोडलेले असते. दुसऱ्यात मोटार वेगाने फिरते आणि बहुधा नायलॉनची तीन लहान दातेरी चाके तो वेग कमी करून जोर वाढवितात. या दुसऱ्या प्रकारात एकाच दिशेने पकड घेणारा क्लचही असतो. एक्सलमधून तीन जाड तारा बाहेर येतात, त्या वेटोळ्यांच्या होत. सोबतच्या बारीक तारा लोहचुंबकांची स्थिती सांगणाऱ्या हॉल संवेदकांच्या होत.

आधी बाहेर पाहावे

मोटार उघडण्यापूर्वी बॅटरीची जोडणी, ब्रेकच्या दांडीतील स्विच आणि एक्सलजवळील तारा तपासाव्यात. त्यानंतर एक सोपी परीक्षा करावी. बॅटरी काढून ठेवावी, मोटारीच्या तारा नियंत्रकापासून सोडवाव्यात, मागील चाक असल्यास साखळी उतरवावी आणि चाक उलट दिशेने फिरवावे. ते फारसा अडथळा न होता फिरले पाहिजे. आता कोणत्याही दोन जाड तारांची टोके एकमेकींना टेकवून चाक पुन्हा उलटे फिरवावे. या वेळी हाताला स्पष्ट अवरोध जाणवला पाहिजे. तिन्ही जोड्यांत तो सारखाच असेल, तर वेटोळी बहुधा सुस्थितीत आहेत. तारा अलग असतानाच चाक अडखळत असेल, तर आत तारा एकमेकींना चिकटल्या असण्याचा संभव आहे.

यामागील तत्त्व शाळेत शिकविले जाते. फिरणारी मोटार जनित्र बनते, आणि मंडल पूर्ण होताच वाहणारा प्रवाह त्या गतीलाच विरोध करतो. विज्ञानाच्या शिक्षकांना लेंझच्या नियमाचे याहून चांगले प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल.

मोटार उघडताना

चाक काढताना वॉशर कोणत्या क्रमाने होते ते कागदावर टिपून ठेवावे. झाकण व कवच यांवर समोरासमोर खूण करावी. झाकणाचे स्क्रू घट्ट असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, अन्यथा त्यांची डोकी खराब होतात. दातेरी चाकांच्या मोटारीचे झाकण एक्सलवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोकल्यास सुटते. थेट प्रकारच्या मोटारीत मात्र लोहचुंबकांची ओढ इतकी प्रचंड असते, की आतील भाग एकदम सरकून बोटे चिरडू शकतात. तेथे पुलर वापरणेच योग्य. लोखंडाचा कीस असलेल्या जागेवर हे काम कधीही करू नये.

आतील तपासणी

दातेरी चाकांचे दाते झिजले किंवा तुटले असल्यास तिन्ही चाके एकदम बदलावीत. जुने ग्रीस पुसून नायलॉनला चालणारे नवे ग्रीस केवळ दात्यांना बेताने लावावे. क्लचमध्ये दाट ग्रीस भरू नये. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, त्याच क्रमांकाचे नवे आणावे. गंज दिसल्यास पाणी शिरले असे समजावे. मोटार पूर्ण वाळवावी आणि झाकणाची कड सिलिकॉनने बंद करावी. वेटोळी काळवंडून जळका वास येत असेल, तर घरी खटाटोप न करता कृषिपंपांच्या मोटारी भरणाऱ्या अनुभवी कारागिराचा सल्ला घ्यावा.

परत बसविताना

झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट एक्सलची. मोटार चाकाला जितक्या जोराने पुढे फिरविते, तितक्याच जोराने ती स्वतःच्या एक्सलला उलट फिरवू पाहते. नट सैल राहिले तर एक्सल खाचेत फिरतो, तारा पिळवटून तुटतात आणि पुढचे चाक असल्यास ते निसटून चालकाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून एक्सलला रोखणारी पोलादी पट्टी अवश्य बसवावी आणि आठवड्याने नट पुन्हा तपासावेत. एक्सलमधून निघालेली तार आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळातून गळून जाईल. सायकल धुताना हबवर जोराची धार सोडू नये.

बॅटरीचा संच मात्र घरी कदापि उघडू नये. त्यात आगीचा धोका आहे.

ही कामे कठीण नाहीत, पण ती पद्धतशीर शिकावी लागतात. माध्यमिक शाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एखादी निकामी मोटार मिळवून विद्यार्थ्यांसमोर उघडली, आणि ग्रामपंचायतींनी गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या तरुणांना अशा पाठाची संधी दिली, तर गावातील सायकल गावातच दुरुस्त होईल व त्या तरुणांच्या हातालाही नवे काम मिळेल.