बर्फाच्या दिवशी घरीच थांबावे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मणक्याच्या दुखापतीमुळे माझ्या पतींना कमरेखाली संवेदना नाही. रस्ते गोठले की फिजिओथेरपी चुकवून आम्ही दिवसभर घरीच बसतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, घरी थांबणे बरोबरच आहे. गोठलेल्या पावसाच्या थरावर व्हीलचेअरच्या चाकांना पकड मिळत नाही, आणि तुम्ही पडलात तर सांभाळायचे कोणी? एखादे सत्र चुकल्याची चिंता रास्त आहे, पण थेरपिस्टने शिकवलेल्या सांध्यांच्या हालचाली घरीही करता येतात. धोका आहे तो एकाच जागी स्वस्थ बसण्यात. जिथे शरीराचा भार पडतो तिथला रक्तपुरवठा दबतो, वेदना कळत नाही आणि जखम गुपचूप होते. म्हणून खुर्चीत दर 15 ते 30 मिनिटांनी भार हलवायला हवा, अंथरुणात साधारण दोन तासांनी कूस बदलायला हवी.

‘मला थंडी वाजत नाही’ असे ते म्हणतील. त्यावर विसंबू नका. दुखापतीखालचे स्नायू थरथरून ऊब निर्माण करू शकत नाहीत. त्यामुळे पाय हाताने चाचपून पाहा. गरम पाण्याची पिशवी मात्र पायांना लावू नका, भाजलेले त्यांना कळणार नाही. खोली उबदार ठेवा, लोकरी मोजे घाला. वीज गेली तरी कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री माकडहाड, नितंब आणि टाचा पाहा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून कडकपणा किंवा उष्णता जाणवते का तेही तपासा. भार काढल्यावरही खूण राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.