गर्भाशयातील गाठ आणि मनाची उदासी

जालना जिल्ह्यातून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणून घरातील प्रत्येकाने पुढील माहिती ठेवावी.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ होय. ती सहसा कर्करोगाची नसते. त्रास नसल्यास उपचाराची गरज पडत नाही. मात्र पाळीत अंगावरून फार जात असल्यास रक्त कमी होते, थकवा येतो. त्यात दुखणे, मूल न होण्याची धास्ती आणि घरच्यांचे बोल यांची भर पडून तरुण स्त्री उदास होते. तिला आळशी समजू नये.

काय करावे?

१) हिमोग्लोबिन व सोनोग्राफी तपासणी करून घ्यावी.

२) लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे किंवा फक्त गाठ काढणे, असे उपाय आहेत. पिशवी काढण्यापूर्वी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे.

३) दोन आठवड्यांहून अधिक उदासी, झोप न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे असल्यास डॉक्टरांना सांगावे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

जनावर चारा सोडते तेव्हा आपण लगेच डॉक्टर बोलावतो. घरातील लेकीसुनेच्या बाबतीतही तेवढीच तत्परता दाखवावी.