शब्दपाठ : ताड, माड, शिंदी आणि आपला तळहात



'शिंदी' हा शब्द वर्गात उच्चारून बघा. मागच्या बाकावरून हसू येतंच. मुलांना त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो, प्यायचा! पण त्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत असतील. दिवाळीत आपण लक्ष्मी म्हणून पुजतो ती हीच केरसुणी. शब्दाचे बाकीचे अर्थ आपण शिकवले नाहीत, तर त्या मुलाला विनाकारण मान खाली घालावी लागते. म्हणून हा पाठ.

1) वनस्पतीशास्त्रात

ताड, माड (नारळ), सुपारी, ओढ्याकाठची शिंदी आणि सह्याद्रीच्या जंगलातला भेरली माड ही सगळी एकाच कुळातली. ही एकदल झाडं. आंबा-बाभळीचं खोड वर्षागणिक जाड होत जातं, यांचं तसं होत नाही. त्यामुळे वलयं मोजून वय काढता येत नाही. माडाच्या शेंड्याला एकच कोंब असतो, तो तोडला की झाड मेलंच समजा.

ताडाचं पान पसरलेल्या पंजासारखं, तर माडाचं आणि शिंदीचं पिसासारखं. इंग्रजीत तळहाताला आणि या झाडाला 'पाम' हा एकच शब्द आहे, तो लॅटिनमधल्या 'पाल्मा'वरून आला. आपल्याकडेही संस्कृतात 'ताल' म्हणजे ताडाचं झाड आणि टाळीसुद्धा! मात्र काटेसावरीचं पान हाताच्या आकाराचं असलं, तरी सावर या कुळातली नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

2) कायद्यात

1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दात ताड-माडाचं कुळ आणि बांबू दोन्ही धरले होते. 2017 च्या दुरुस्तीत बांबू त्यातून वगळला, ताड-माड राहिले. म्हणजे बांबू तोच, पण कायद्याच्या कागदावरचा अर्थ बदलला. तसंच 1949 च्या दारूबंदी कायद्याचं. झाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. आंबला की ताडी. कायदा या दोन शब्दांत फरक करतो. झाड आपल्या बांधावरचं असलं, तरी ताडी काढायला परवाना लागतो.

3) रोजच्या बोलण्यात

उंच पोरगा 'ताडमाड' वाढतो. अंगणातला खराटा माडाच्या हिरांचा. 'माडी' म्हणजे घराचा वरचा मजला आणि माडाची ताडीही. रेशनवर मिळायचं ते पामतेल नारळाचं नव्हे, मूळ आफ्रिकेतल्या तेल-ताडाच्या फळांचं. ऊसतोड कामगारांच्या कोपीवरच्या ताडपत्रीत ताडाचं पान औषधालाही नसतं! आणि लाडक्या लेकराला आपण तळहाताच्या फोडासारखं जपतो.

वर्गात काय करायचं?

वहीत तीन रकाने आखा : शास्त्र, कायदा, बोलणं. प्रत्येक शब्द कुठे काय अर्थ देतो ते मुलांनी लिहायचं. घरी आजी-आजोबांना विचारून आणखी दोन शब्द आणायचे. शिंदीचं एक पान वर्गात आणा, पण देठाजवळचे काटे सांभाळून. आणि केरसुणी कशी बांधतात, हे ज्या मुलाला येतं त्यालाच त्या दिवशी फळ्यासमोर उभं करा. त्या तासाला गुरुजी तोच!