नित्याच्या बोलण्यातील जातककथा

'वाघाचे कातडे पांघरलेले गाढव', 'आभाळ पडले म्हणून पळणारा ससा', 'बकध्यान', 'आंधळ्यांचा हत्ती' असे शब्दप्रयोग आपण घरीदारी, कचेरीत, सभेत सहज करतो. त्यामागे एकेक गोष्ट आहे हेही सर्वांना ठाऊक असते. शाळेत या गोष्टी इसापनीती किंवा पंचतंत्र या नावाखाली भेटतात. परंतु या चारही कथा पाली वाङ्मयात आहेत, हे आपल्याच मुलांना कोणी सांगत नाही.

आपल्यातील काही धम्मबंधूंचे असे मत आहे की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जुने सर्व टाकले, तेव्हा जुन्या म्हणीही टाकाव्यात. म्हणींच्या जुन्या संग्रहांत आपल्या समाजाचे नाव घेऊन हिणवणाऱ्या म्हणी आहेत. त्यांच्यापुरते हे मत आम्हास पूर्ण मान्य आहे; त्या येथे उतरवून घेण्याचीही आमची इच्छा नाही. मात्र त्यांच्याबरोबर तथागतांच्या परंपरेने जतन केलेल्या कथाही फेकून देणे म्हणजे सुपातल्या खड्यांबरोबर दाणेही उकिरड्यावर टाकणे होय.

सर्व म्हणी बुद्धकथेतूनच निघाल्या असा दावा आम्ही करीत नाही. ती ओढाताण होईल. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत आणि त्यांतील पुष्कळ मुळात लोकांच्याच तोंडच्या आहेत. भिक्खूंनी त्या उपदेशासाठी घेतल्या. इसवी सनापूर्वीच्या भारहूत स्तूपाच्या कठड्यावर जातकांतील प्रसंग नावे घालून कोरलेले आहेत, एवढ्या त्या जुन्या आहेत. मालकीचा वाद आम्हास महत्त्वाचा वाटत नाही. कथा मागे पडून नुसती म्हण उरली की दोष कोणाला द्यायचा हेच बदलून जाते, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

गाढवाचेच पाहा. ही कथा सीहचम्म जातकात (क्र. १८९) आहे. तेथे कातडे सिंहाचे आहे. पंचतंत्रात ते वाघाचे झाले आणि मराठीने वाघच ठेवला. एक फिरता व्यापारी गाढवावर माल लादून गावोगाव हिंडे. मुक्कामाला पोचला की ओझे उतरवून गाढवाच्या अंगावर सिंहाचे कातडे घाली व त्याला लोकांच्या भाताच्या आणि जवाच्या शेतात सोडून देई. राखणदार भिऊन जवळ येत नसत. एके दिवशी गावकऱ्यांनी शंख व ढोल वाजवून गलका केला. जिवाच्या भीतीने गाढव ओरडले आणि ओळखू आले. लोकांनी त्याला बदडून काढले, त्यातच ते मेले.

आता विचारा, कातडे पांघरले कोणी? गाढवाने नव्हे, व्यापाऱ्याने. दाण्याचा खर्च वाचला तो व्यापाऱ्याचा. मार मात्र गाढवाला. आपल्या बोलण्यात व्यापारी गळून गेला आणि लबाड ठरले ते गाढव! हाच शब्दप्रयोग शिकून वर आलेल्या आपल्या मुलांच्या पाठीमागे कुजबुजला जातो, हे आम्ही कचेरीत स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. पदवी म्हणजे पांघरलेले कातडे, असे बोलणाऱ्याला सुचवायचे असते. अशा वेळी गप्प बसू नये. मूळ कथा माहीत असेल तर 'त्या कथेतला व्यापारी कोण?' एवढा एकच प्रश्न पुरतो.

बकध्यानाची गंमत निराळी आहे. मासळीला मोठ्या तळ्यात नेतो असे सांगून एकेक मासा खाणारा बगळा आणि शेवटी त्याची मान कापणारा खेकडा बक जातकात (क्र. ३८) आहेत. हा शब्द आपण दुसऱ्यांच्या साधुबुवांसाठी राखून ठेवला आहे. पण ही कथा जेतवनातील एका चीवर शिवणाऱ्या भिक्खूला उद्देशून सांगितली आहे. तो जुन्या चिंध्यांची चीवरे रंगवून, झळाळी देऊन इतर भिक्खूंना फसवीत असे. म्हणजे बगळा आपल्याच संघातला होता, आणि ते झाकून ठेवलेले नाही.

सशाच्या गोष्टीत आपण पानाला 'आभाळ' समजणाऱ्या सशाला हसतो आणि थांबतो. दद्दभ जातकात (क्र. ३२२) पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळते व ससा समजतो की पृथ्वीच खचली. त्याच्यामागे सारे रान धावते. तेथे बोधिसत्त्व सिंहरूपात येतो आणि 'कोणी पाहिले?' एवढेच प्रत्येकाला विचारीत जातो. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अखेर प्रश्न सशापाशी येतो. सिंह त्याला पाठीवर घेऊन त्या झाडाखाली जातो व फळ पाहून येतो. कथेतले हे चौकशीचे अंगच आपण विसरलो आहोत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी मूर्ती दूध पिते अशी वार्ता उठली तेव्हा देशभर रांगा लागल्या. शिकलेली माणसेही वाटी-चमचा घेऊन उभी होती. झाडाखाली जाऊन पाहणारे थोडे होते.

राहिला हत्ती. ही कथा जातकातली नसून उदान या ग्रंथातली आहे. श्रावस्तीचा राजा जन्मांधांना जमवून हत्तीचा एकेक अवयव चाचपायला लावतो. ज्याने डोके चाचपले तो म्हणतो घागर, कान धरला तो म्हणतो सूप. सोंड म्हणजे नांगराचा दांडा, अंग म्हणजे कणगी, पाय म्हणजे खांब, शेपूट म्हणजे मुसळ आणि शेपटाचा गोंडा म्हणजे केरसुणी. मग ते एकमेकांना बुक्क्या मारू लागतात. खोटे कोणीच बोलत नव्हते, हे राजाला ठाऊक होते; तरी तो हसत बसला. विद्यार्थ्यांनी मूळ पालीतले शब्द जरूर पाहावेत: सुप्प, मुसल, नंगल. घरातील वृद्ध आजीसमोर ते मोठ्याने वाचले, तर सूप, मुसळ आणि नांगर कोणते, ते ती न शिकता सांगेल.